मथुराबाईंना शिकवलेलं स्तोत्र

या वयात देवावर रुसणं शोभत नाही, असं मी स्वतःला बजावत होते, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी रुसलेच होते. चाळीस वर्षं रोज सकाळी गणपतीचं स्तोत्र म्हटलं. बँकेत नोकरीला होते तेव्हा बुधवार पेठेतून जाताना मूर्ती दिसेल तिथे, भर रस्त्यात चपला काढून उभी राहायची. आणि आता उजवा गुडघा बदलून पाच आठवडे झाले तरी तो साठ अंशांच्या पलीकडे वाकायला तयार नव्हता. खुर्चीत बसलं की पाय समोर पसरलेलाच. रिक्षात बसता येईना, जिना धड उतरता येईना. देवघरासमोर पाटावर बसणं तर लांबच राहिलं. आंधळेपणाने कोणाची इतकी वर्षं चाकरी केली, असा विचार मनात यायचा आणि लगेच भीती वाटायची, की हाही त्याने ऐकला असेल.

डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं. "आत चिकटलंय. तीन आठवडे स्प्लिंट लावून बघू. नव्वद अंशांपर्यंत आला तर उत्तम, नाहीतर भूल देऊन मला तो वाकवावा लागेल." ऑपरेशनच्या वेळचं कमरेतलं इंजेक्शन तीनदा टोचूनही नीट लागू पडलं नव्हतं, म्हणून या वेळी पूर्ण भूल द्यायची. ते दोन शब्द ऐकले आणि त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. सात वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अशीच पूर्ण भूल दिली होती, तीही साध्या हर्नियासाठी. मी बाहेर बाकावर त्यांचा चष्मा हातात धरून बसले होते. ते उठलेच नाहीत. चष्मा अजून माझ्या कपाटात आहे. मुलगा अमेरिकेतून रोज फोन करून म्हणायचा, "आई, रिस्क अगदी कमी असते गं." मी म्हणायचे, "तुझ्या बाबांनाही हेच सांगितलं होतं."

स्प्लिंट म्हणजे मांडीला आणि पोटरीला पट्ट्यांनी बांधायची एक धातूची चौकट. तिच्या बाजूला गोल खुंटी असते. ती फिरवली की पाय थोडा वाकतो आणि तिथेच धरून ठेवला जातो. ताण जाणवेल इतपतच फिरवायची, कळ येईपर्यंत नाही. मग पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा किंचित फिरवायची, असं सहा वेळा. हे सगळं दिवसातून तीनदा. व्यायाम करून घ्यायला आणि कोन मोजायला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट बाई येत. त्यांनी घड्याळ समोर ठेवायला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, "घड्याळ कशाला? माझं स्तोत्र बरोब्बर पाच मिनिटांचं आहे. चाळीस वर्षांत त्यात फरक पडलेला नाही." बाई हसल्या. मला त्या हसण्याचा थोडा रागच आला.

पहिला आठवडा मी जिवाच्या आकांताने केला. खुंटी फिरवायची, डोळे गच्च मिटायचे, चादर मुठीत धरायची आणि स्तोत्र सुरू करायचं. एकही बैठक चुकवली नाही. आठवड्याच्या शेवटी बाईंनी कोन मोजला. अठ्ठावन्नाचे साठ झाले होते. त्या म्हणाल्या, "होईल हळूहळू," पण माझ्याकडे न बघता म्हणाल्या. त्या दुपारी मी एक वही काढली आणि घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे मुलासाठी लिहायला घेतलं. देवघरातल्या मूर्तीपाशी पेन थांबलं. मुलगा ती अमेरिकेला नेईल का, नेली तर पूजा कोण करेल, या विचाराने मी एकटीच हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली. काठी टेकत टेकत जाऊन दार उघडलं तर शेजारच्या मथुराबाई, हातात मेथीची जुडी. शेजारचा फ्लॅट त्यांच्या मुलाने भाड्याने घेतला होता. तो एका कॉम्प्युटर कंपनीत होता, सकाळी स्वारगेटला कंपनीची बस पकडायचा, तो रात्रीच उगवायचा. मथुराबाई अमरावतीकडच्या. चार महिन्यांत आमचं बोलणं 'काय, बरं आहे ना' यापलीकडे गेलं नव्हतं, आणि त्याला कारण मीच. त्यांच्या बोलण्याची मला गंमत वाटायची, आणि ती माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार.

मेथी ठेवून त्या म्हणाल्या, "ताई, एक मागू का? तुमी ते गनपतीचं म्हन्ता ना, भिंतीतून येते माह्या कानावर. मले शिकवा ना."

मी म्हटलं, "अहो, माझी अवस्था बघताय ना? दिवसातून तीनदा हा स्प्लिंट बांधून स्तोत्र म्हणत बसते. मी शिकवू कधी?"

"ते लोखंडाचं बांधून बसता, तवाच शिकवा. तुमाले तसंही म्हनाच लागते."

नाही म्हणायला कारण सापडेना. दुपारच्या बैठकीला त्या आल्या आणि माझ्या पलंगाशेजारी जमिनीवर सहज मांडी घालून बसल्या. त्या मांडीचा मला हेवा वाटला. मी खुंटी फिरवली आणि सुरुवात केली. एक ओळ मी म्हणायची, त्यांनी ती दोनदा म्हणायची. शेवटची फलश्रुती तेवढी मागाहून शिकवायचं ठरलं. पण प्रत्येक ओळीत काही ना काही चुकायचंच. "अजून एकडाव म्हना ताई, हळू म्हना, माह्यं डोस्कं जड हाये." मी उच्चार सुधारून द्यायची, अर्थ सांगायची, पुन्हा म्हणायची. ज्या वेळात माझी सहा पारायणं व्हायची, त्यात जेमतेम तीन होऊ लागली. म्हणजे खुंटीचे फेरेही तीनच. उपचार अर्धाच होतोय या धास्तीने माझा जीव खालीवर व्हायचा. एकदा मी बोललेच, "मथुराबाई, या वेगाने पुढची चतुर्थी उजाडेल."

"उजाडू द्या ना. गनपती काय कुठी पळून रायला?"

हसू आलं, तरी आतून मी धास्तावलेलीच होते. भिडेखातर मी स्वतःचा घात करून घेतेय, असं वाटायचं. त्यांना उद्यापासून नका येऊ म्हणायचं, हे रोज ठरवायचे, आणि रोज तिन्ही वेळा त्या आल्या की विसरायचे. कारण शिकवताना एक होत होतं. त्यांची चूक पकडण्याच्या नादात माझं लक्ष गुडघ्यावरून उडायचं आणि चादर कधी सुटली तेही कळायचं नाही. पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्ट बाईंनी कोन मोजायची पट्टी लावली, पुन्हा लावली आणि म्हणाल्या, "बाहत्तर!" मला खरं वाटेना. मग एक्क्याऐंशी. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी सकाळी एक्क्याण्णव. बाईंनी आकडा सांगितला आणि मी देवघराकडे बघून हात जोडले. रुसवा कुठच्या कुठे गेला होता, आणि त्याची लाज वाटत होती.

ही बातमी सगळ्यात आधी मथुराबाईंना सांगायची, म्हणून वाटीत खडीसाखर घेऊन मी काठी टेकत शेजारी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता. मथुराबाई स्वयंपाकघरात स्तोत्र म्हणत होत्या. संथ, स्वच्छ, एकही अक्षर इकडचं तिकडे न होता. मी दारातच थांबले. आधी शिक्षिकेचा अभिमान वाटला. मग शेवटचा भाग आला, फलश्रुतीचा, आणि दार ढकलायला पुढे केलेला हात मी मागे घेतला. फलश्रुती मी त्यांना अजून शिकवलीच नव्हती; म्हणजे स्तोत्र त्यांना आधीपासूनच पाठ होतं.

तशीच परत फिरले. खोलीत येऊन घड्याळ समोर ठेवलं, स्प्लिंट बांधला, कळ येईपर्यंत खुंटी फिरवली आणि पहिल्या आठवड्यात म्हणायचे तसं स्तोत्र म्हटलं. संपलं तेव्हा दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. कळ सोसवेना म्हणून मी देवाचं नाव पळवत होते, गुडघ्याला सैल व्हायला वेळच देत नव्हते, आणि पाच मिनिटं पुरी झाली असं छातीठोकपणे सांगत होते. भिंतीपलीकडे एका बाईला ते ऐकू येत होतं. सावकाश म्हणा, असं ती मला सांगायला आली असती तर मी काय उत्तर दिलं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून ती शिकायला आली, मुद्दाम चुकली, आणि माझे टोमणे हसत ऐकून घेतले. तिला ही बुद्धी कुणी दिली, यावर मी वाद घालत नाही. मी ज्याला हाका मारत होते त्याने ऐकलं, एवढंच मला पुरतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि भुलीचा विषय कायमचा मिटवला. घरी येऊन मी ती वही फाडून टाकली. दुपारी मथुराबाई नेहमीसारख्या जमिनीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आज पुढचं शिकवता ना, ताई? पन हळू हं."

मी खुंटी फिरवली, ताण जाणवला तिथे थांबले आणि म्हटलं, "आज तुम्ही सांगा. मी मागून म्हणते."

त्यांनी पदर सावरून हात जोडले आणि पहिली ओळ म्हटली. मी ती दोनदा म्हटली.