बाबांचा स्कॅनर आणि ई फॉर इंग्लंड

आधीच सांगते, भुताखेताच्या गोष्टी ऐकून घाबरणारी मी नाही. आम्ही बौद्ध. नजर लागणं, अंगात येणं, उतारा... यातलं काहीच आमच्या दारातून कधी आत आलं नाही. कुणी असली गोष्ट सुरू केली की बाबा विचारायचे, "वेळ काय होती? नोंद आहे का?" नागपूरकडे पोलीस वायरलेसमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, नोंदीशिवाय त्यांना काही पटायचं नाही. तरी हे लिहितेय, कारण इतकी वर्षं झाली तरी माझा वैताग जात नाही.

बाबांची अजून एक सवय सांगून ठेवते. फोनवर 'मेश्राम' हे आडनाव सांगायची त्यांची स्वतःची लिस्ट होती. एम फॉर मौदा, ई फॉर इंग्लंड, एस फॉर सावनेर, एच फॉर हिंगणा, आर फॉर रामटेक, ए फॉर आर्वी, एम फॉर मनसर. सगळी तिकडचीच गावं, फक्त ई ला गाव सापडेना म्हणून इंग्लंड. गॅस बुक करताना हे मी लहानपणापासून ऐकलंय.

स्टुडंट बूमचे दिवस होते, आपल्याकडची मुलं शिकायला ऑस्ट्रेलियात लोटत होती. सिडनीत टूनगॅबीला मी आणि गुरप्रीत नावाची पंजाबी मुलगी, दोघी मिळून एका घरात राहायचो. माझ्या कॉन्व्होकेशनला बाबा आले ते तीन महिन्यांसाठी. गुरप्रीत सतत युनिव्हर्सिटीत, मी कामाच्या शिफ्टला, हे घरात एकटे. म्हणाले, इथल्या अॅम्ब्युलन्सचं, फायरवाल्यांचं वायरलेस ऐकता येईल असा हातातला सेट मिळतो का बघ.

झालं! पुढचे पंधरा दिवस मी फोरम वाचत बसले. एक म्हणे अमुक सिस्टिमचा घे, दुसरा म्हणे तो घेऊच नको, तिसरा म्हणे ते तुझ्या सबर्बवर अवलंबून आहे. अरे, सबर्ब पहिल्याच ओळीत लिहिलाय ना! पोलिसांचं तर म्हणे कुलूपबंदच, कुठलाही सेट घ्या, ऐकू येणारच नाही. शेवटी कॅसल हिलच्या एका आजोबांकडे सेकंडहँड स्कॅनर मिळाला. खोक्यावर ठळक अक्षरात 'डिजिटल'. गुरप्रीत म्हणाली, "लिखा तो है यार, ले ले." घेतला.

घरी लावला तर नुसतं घर्रर्रर्र... मिक्सरमध्ये खडा अडकल्यासारखं. रेडिओच्या दुकानात नेला. दुकानदाराने शांतपणे सांगितलं की डिजिटल म्हणजे फक्त पडद्यावरचे आकडे. सेट जुना अॅनालॉग आहे, इथली सर्व्हिस डिजिटल झालीये, त्यामुळे यावर जन्मात घरघरीशिवाय काही ऐकू येणार नाही. वर म्हणाला, नो वरीज. मला तो सेट त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

बाबांना मात्र काही फरक पडला नाही. सकाळी नऊला डायनिंग टेबलवर ड्यूटी सुरू. सेट कानाशी आणि समोर वही. मी एकदा वही उघडून बघितली – "०९.१० लांब. ०९.१४ तुटक." घरघरीची नोंद!

त्या दिवशी चाळीसच्या वर ऊन होतं. माझा फोनवर इंटरव्ह्यू होता, ज्या नोकरीवर माझा पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, अडकला होता त्या नोकरीचा. नेमका तेव्हाच सेट भसकन घरघरला. इंटरव्ह्यूचा पार बोऱ्या वाजला. फोन ठेवला आणि मी बाबांवर तुटून पडले.

"बाबा, तुम्ही रिटायर झालात. त्या सेटवर कुणी तुमची वाट बघत नाहीये."

बाबांनी सेट टेबलवर ठेवला, टोपी घातली आणि बाहेर पडले. जेवण नाही, पाणी नाही, फोन नाही... आणि शुगरची गोळी मात्र घेतलेली. माझंच मला लागलं, पण मी हाक मारली नाही.

दोन तास झाले. दुकानं, लायब्ररी, स्टेशन, सगळीकडे फिरून मी घरी आले, कदाचित परतले असतील म्हणून. गुरप्रीत गाडी घेऊन शोधत होती. सेट अजून घरघरतच होता. बंद करायला उचलला – आणि घरघर थांबली.

एका बाईचा आवाज आला, पक्का ऑस्ट्रेलियन, स्वच्छ. वयस्कर माणूस, एकटाच, ओव्हलच्या, म्हणजे आमच्याजवळच्या क्रिकेटच्या मैदानाच्या मागे, ओढ्यावरच्या पुलाखाली. मग नाव. "एम फॉर मौदा. ई फॉर एटापल्ली. एस फॉर सावनेर. एच फॉर हिंगणा..." कुठे अडखळणं नाही. दोन वर्षं माझ्या लेक्चररला साधं 'मेश्राम' म्हणता आलं नव्हतं! मनसरपर्यंत आली आणि पुन्हा घर्रर्रर्र.

गुरप्रीतला फोनवर जागा सांगत मी धावत सुटले. बाबा पुलाखालीच होते, खांबाला टेकून, घामाने निथळलेले, जीभ जड झालेली. गुरप्रीतच्या गाडीतला ज्यूस घोट घोट पाजला आणि ट्रिपल झीरोला, इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन केला. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मी विचारलं, माझ्या आधी कुणी फोन केला होता? त्याने रेडिओवरून खात्री करून घेतली. "ओन्ली यॉर्स, मेट."

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये बाबा नीट शुद्धीवर आले. मी रडत माफी मागितली. मग सांगितलं की सेट बोलला, त्यावर जागा आणि आडनाव ऐकू आलं. एवढंच सांगितलं. तर हे काय विचारतात?

"वेळ लिहिली का?"

मी कपाळावर हात मारला.

मग म्हणाले, कुणी भेटलं नाही ना मला तिथे. डोकं गरगरत होतं, झोप लागू नये म्हणून मनातल्या मनात आपलंच नाव सांगत बसलो होतो, लिस्टप्रमाणे, पुन्हा पुन्हा.

"आणि ऐक बाई, ई ला गाव सापडलं. एटापल्ली! माझी पहिली पोस्टिंग, अन् तीस वर्षं इंग्लंड-इंग्लंड करत बसलो."

मी त्यांना एटापल्लीचं अजून सांगितलंच नव्हतं.

बाबांचं म्हणणं, इंटरफिअरन्स असेल. त्या रेडिओच्या दुकानदाराने माझ्याकडून सगळं तीनदा वदवून घेतलं आणि घड्याळ बघायला लागला.  तो सेट माझ्याकडेच आहे, तसाच घरघरतो. बाबा नागपूरहून फोन करून विचारतात, आज लावला होतास का? मी चिडते, आणि लावते.

फोनवर कुणी आडनाव विचारलं की मी आता ई फॉर एटापल्ली सांगते. पलीकडचा गोंधळतो, इथे सगळे ई फॉर एको सांगतात ना, म्हणतो, यू मीन एको? मी नाही म्हणते, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते.