तुटलेल्या दांडीचा सत्कार

माझा धाकटा भाऊ दिलीप खानझोडे कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होता. रोज सकाळी अयोध्या नगरातून कामगार घ्यायचे आणि टाउनशिपमधून गेटपर्यंत आणून सोडायचे, एवढंच काम. पण त्याचा रुबाब बघावा! शर्टाला कडक इस्त्री नसली की विजयाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, काही खरं नसायचं. आम्ही मूळ नागपूरकडचे, वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले ते इथलेच झाले. शिकले मी, शाळेत मास्तरीण झाले मी, पण कॉलनीत मला ओळखायचे ते ‘दिलीपभैया की दीदी’ म्हणून.

त्याच्या पायाचं मात्र फक्त मला ठाऊक होतं. कमरेतली नस दबली आणि डाव्या पायातला जोर हळूहळू गेला. तेल चोळून घ्यायला तो माझ्या क्वार्टरवर यायचा.

“विजयाला सांगू नको हं ताई. ती रडेल, आणि ती रडली की सगळ्या ब्लॉकला कळतं.”

“अरे, पण मग क्लच कसा दाबतोस बाप्पा?”

“दाबतच नाही.”

मग त्याने सांगितलं. चालत्या गाडीत एक्सिलरेटर सोडायचा, गिअर हलकेच न्यूट्रलला काढायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहायचं. तो उतरत उतरत हवा तिथे आला की पुढचा गिअर लोण्यासारखा बसतो. थांब्यावर इंजिन सरळ बंद करायचं. निघताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनच स्टार्टर मारायचा, की बस एक गचका खाऊन चालू पडते. लोकांना वाटायचं, जुनी गाडी आहे, गचके खाणारच. ऑफिसला वाटायचं, हा डिझेल वाचवतो. स्टार्टर जळाला की वर्कशॉपवाले कंपनीच्या नावाने बोटं मोडायचे.

मी चांगलंच झापलं त्याला. “गाडीभर माणसं तुझ्या भरवशावर बसतात, लाज नाही वाटत? ऑफिसात जा, पाय दाखव, हलकं काम माग.”

“ब्रेक उजव्या पायाचा आहे, तो पाय शाबूत आहे,” तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, “हलकं काम म्हणजे गेटवर स्टूल तापवत बसायचं. ज्यांना मी नेतो-आणतो, तेच माझ्याकडे बघत आत जाणार. स्टिअरिंग गेलं तर माझं उरलं काय, ताई?”

कप्पाळ माझं! मी पुन्हा तेल चोळायला लागले.

आणि मग तो प्रकार झाला. सकाळची फेरी संपवून दिलीपने बस दिवे तपासायला वर्कशॉपमध्ये लावली. श्याम मेकॅनिक सहज गाडीखाली शिरला, तर क्लचची दांडी तुटून लोंबकळतेय. “भैया, पूरी सवारी लेके बिना क्लच के आ गए?” तो ओरडतच बाहेर आला. संध्याकाळपर्यंत टाउनशिपभर एकच बोलणं. दिलीप उस्ताद, दिलीपने गाडीभर माणसांचा जीव वाचवला. कुणी पेढे आणले, कुणी फोटो काढले.

दिलीप तोंड लपवत माझ्याकडे आला. “ताई, दांडी तुटली हे मला कळलंच नाही ग. मी कधी पाय ठेवलाच नव्हता तिच्यावर.”

मला फस्सकन हसू आलं, आणि त्याचे डोळे बघून तिथेच विरलं.

तेव्हापासून त्याचं कौतुक सुरू झालं की त्याची मान खाली जायची. लोक म्हणायचे, “बघा, किती साधा माणूस!” त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खरं सांगितलं तर स्टिअरिंग जाणार, नाही सांगितलं तर पेढे खावे लागणार. खाल्ले बिचाऱ्याने.

त्यात ट्रान्सपोर्टच्या साहेबांनी जाहीर केलं की नवी कोरी बस आली आहे आणि ती दिलीपच चालवणार. विजया ही बातमी घेऊन माझ्या क्वार्टरवर नाचतच आली. माझ्याकडे जेवत बसलेल्या दिलीपचा घास हातात राहिला. श्यामने त्याला आदल्या दिवशीच नवी गाडी दाखवली होती. तिचा क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर लागतच नव्हता.

“आता तरी सांग रे,” विजया गेल्यावर मी म्हटलं.

“पूजेआधी सांगतो साहेबांना.”

पूजा झाली, नारळ फुटला, गळ्यात हार पडला, तरी याचं तोंड उघडेना. सगळा डेपो जमलेला, विजया नव्या साडीत ओवाळायला पुढे. दिलीप उजवा पाय रोवून, हातांनी स्वतःला ओढून घेत वर चढला. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

“चलो दिलीप, शुरू करो!” साहेब हसत म्हणाले.

मी खिडकीखालीच उभी होते. दिलीपने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि स्वतःचा डावा गुडघा खाली दाबायला लागला. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं. पेडल काही तळाला जाईना. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. मग दार उघडून, हातांनी पाय उचलून, तो खाली उतरला. माझा खांदा धरला त्याने. लोकांना वाटलं साहेबांच्या पाया पडायला उतरला, ते टाळ्या वाजवायला लागले.

“साहब, उस दिन मुझे पता ही नहीं था कि क्लच टूटा है,” तो म्हणाला.

“देखो, अब भी बड़ाई नहीं लेता!” साहेब सगळ्यांकडे वळून म्हणाले. टाळ्या आणखी वाढल्या.

शरमेने मेलेला माणूस, त्याला आता हेही पटवून द्यायची पाळी आली. दिलीपने वाकून पॅन्टचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. पोटरी वाळून काठी झाली होती. पुढच्या रांगेतले हात थांबले, मग मागचे. साहेबांनी मान वळवली. कुणीतरी उगाच खाकरलं, आणि दिलीप तसाच, पॅन्ट धरून उभा.

विजयाने ओवाळणीचं ताट माझ्या हातात दिलं. ती त्याच्यासमोर खाली बसली, त्याची बोटं सोडवली आणि पॅन्ट खाली ओढून पाय झाकला.

“घरी चला,” ती म्हणाली.