फ्रेममध्ये माणूस नको!

फोनमधली जागा संपली की आम्ही फोटो डिलीट करतो. किश्शांचं तसं नाही. ते साचतच जातात, आणि जे विसरावेसे वाटतात तेच जास्त वेळा सांगितले जातात. आमच्या ग्रुपचं तर विचारूच नका!

आमचा ग्रुप म्हणजे जबलपूरच्या रेल्वेवेड्यांचा. कोणती गाडी लेट, कोणत्या गाडीला कोणतं इंजिन लागलं, कुठे नवा सिग्नल बसला, ह्या बातम्या आम्हाला सकाळच्या चहाआधी लागतात. मी फॅक्टरीत अकाउंट्सला आहे आणि हौस म्हणून गाड्यांचे आवाज रेकॉर्ड करते. ह्याबद्दल माझ्या नवऱ्याचं मत न विचारलेलं बरं. शहरातल्या गढा भागात स्टुडिओ असलेले मुकेश भैया फोटो काढतात. पराग घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करतो आणि मराठी घरातला असूनही मराठी बोलायची वेळ आली की हिंदीत पळतो. आणि आमचे वानखेडे काका, छोट्या लाइनचे रिटायर्ड ड्रायव्हर. छोटी लाइन म्हणजे जबलपूरहून नैनपूरमार्गे गोंदियाला जाणारी नॅरोगेज. ती उखडून आता मोठी लाइन टाकली आहे.

काकू गेल्यापासून काका एकटे राहतात, आणि त्यांना एकच गोष्ट हवी आहे. काकूंचा एक बरा फोटो. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमचे किस्से कुठूनही निघाले तरी फिरून तिथेच येतात.

* * *

सुरुवात पनागरच्या फाटकापासून करू.

हिवाळ्यातली सकाळ. ऊन यायची वेळ होऊन गेली तरी धुकं हलायला तयार नव्हतं. मुकेश भैयांना धुक्यातून बाहेर येणारं इंजिन टिपायचं होतं, म्हणून आम्ही तिघं फाटकाशी कुडकुडत उभे. फाटक पडलं. लांब हॉर्न वाजला. मग आणखी जवळ. मी रेकॉर्डर सुरू केला, मुकेश भैया एका गुडघ्यावर बसले, परागने श्वास रोखला.

गाडी आलीच नाही!

मागे एक ट्रॅक्टरवाला ओरडायला लागला. शेवटी गेटमनने फाटक उघडलं. मुकेश भैयांनी विचारलं, "भैया, गाड़ी कहाँ गई?"

"कौन सी गाड़ी? आज तो लाइन पर काम चल रहा है। सुबह से एक भी गाड़ी नहीं छोड़ी।"

"तो फिर फाटक क्यों बंद किया?"

गेटमनने आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच खुळे. "आपने हॉर्न नहीं सुना क्या?"

घरी येऊन मी रेकॉर्डिंग लावलं. ट्रॅक्टर होता, परागची शिंक होती, मुकेश भैयांच्या शिव्या होत्या. हॉर्न नव्हता.

* * *

पराग म्हणजे मोबाइलवर गाडीचं रनिंग स्टेटस बघत बघत जेवणारा माणूस. एका दुपारी काकांकडे बसलो असताना त्याने गंमत म्हणून छोट्या लाइनच्या जुन्या पॅसेंजरचा नंबर टाकला. 'अशी गाडी नाही' असं यायला हवं होतं. स्क्रीनवर आलं, हाऊबागहून सुटली, राइट टाइम!

हाऊबाग हे छोट्या लाइनचं शहरातलं स्टेशन. लाइनबरोबर तेही बंद झालं.

"पुराना डेटा होगा सर्व्हर में," पराग म्हणाला. पण थोड्या वेळाने बघितलं तर गाडी पुढच्या स्टेशनला पोचली होती. मग त्याच्या पुढच्या. काकांनी चष्मा लावला, फोन हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "आम्ही चालवत होतो तवा कधी टायमावर गेली नाही. बंद पडल्यावर सुधरली का हे!"

आम्ही हसलो. जरा जास्तच मोठ्याने हसलो. परागने त्यानंतर तो नंबर कधी टाकला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ताई, और अगर लेट दिखाया तो?"

* * *

हाऊबागचाच आणखी एक. स्टेशनबाहेर एक चहावाला आहे. पूर्वी संध्याकाळची गाडी यायच्या आधी तो मोठं पातेलं चढवायचा. मी मध्यंतरी त्या बाजूला गेले, तर तेच पातेलं, तितकंच दूध, तीच वेळ. आसपास एक रिक्षावाला आणि दोन कुत्री.

मी म्हटलं, "भैया, अब गाड़ी तो आती नहीं। इतना दूध किसके लिए?"

"आदत है, दीदी।"

"और जो बचता है?"

तो चहा ओतता ओतता थांबला. "बचता कब है?"

मी चहा अर्धाच प्यायले. चहा चांगला होता, माझीच हिंमत नव्हती.

* * *

आता मुकेश भैया. आमच्या ग्रुपचा पहिला नियम त्यांचाच. फ्रेममध्ये माणूस नको! इंजिन हवं, डबे हवेत, आकाश हवं. माणूस आला की फोटो वाया. शेळी चालते, माणूस नाही. "भाई साहब, थोड़ा हट जाइए," हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं आहे की बायको जेवायला बोलवायला आली तरी तोंडातून तेच निघतं. आणि जो हटत नाही त्याला घरी येऊन कॉम्प्युटरवर पुसतात. इतकं सफाईने, की मागचं गवतसुद्धा जागच्या जागी!

जमतऱ्याला नर्मदेवर छोट्या लाइनचा जुना पूल आहे. तिथे त्यांनी भर दुपारी एक फोटो काढला. पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा बसला होता. पांढरा गमछा, हातात काठी. हाका मारल्या, हलला नाही. मुकेश भैयांनी नेहमीप्रमाणे घरी येऊन त्याला पुसला. फोटो आवडला नाही, म्हणून ग्रुपवरसुद्धा टाकला नाही.

पुढच्या आठवड्यात एक म्हातारा स्टुडिओत आला. पांढरा गमछा, काठी. पासपोर्ट साइजचा फोटो हवा होता. मुकेश भैयांनी स्टुलावर बसवलं, दिवे लावले, म्हणाले, "बाबा, हिलना मत।"

म्हातारा म्हणाला, "पिछली बार भी नहीं हिला था। फिर भी आपने हटा दिया।"

फोटो न्यायला तो आला नाही. मुकेश भैयांनी तो अजून गल्ल्यात ठेवलाय. कोणी काढायला सांगितलं तर चिडतात.

* * *

ह्याच नियमापायी आमच्यावर काकांसमोर मान खाली घालायची वेळ आली.

काका गाडी चालवत होते तेव्हा त्यांचं घर ग्वारीघाटच्या अलीकडे, फाटकाला लागूनच होतं. काकांची गाडी यायची वेळ झाली की काकू हातातलं काम टाकून फाटकावर येऊन उभ्या राहायच्या. ऊन असो, पाऊस असो. गाडी दिसेनाशी झाली की परत घरात. नोकरी संपेपर्यंत हे चाललं.

काकू गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला तर घरात दोनच. एक लग्नातला, त्यात अर्धा चेहरा मुंडावळ्यांत. दुसरा आधार कार्डावरचा.

"आधारवरचा लावू काय, मंजू?" काका मला म्हणाले. "तो पाहून तिनंच मले म्हटलं होतं, मी मेली तरी हा लावजा नको."

मग त्यांनीच युक्ती काढली. "तुम्ही लोकं छोट्या लाइनचे इतके फोटो काढून राहिले होते. त्या फाटकावरचे तर किती असतील! एखाद्यात तरी माझी बायको असंनच ना?"

आम्ही शोधायला बसलो. त्या फाटकावरचे फोटो ढिगाने निघाले, लाइट तिथे फार छान यायचा म्हणून. इंजिन सुरेख. धूर सुरेख. आणि फाटकाच्या खांबाशी, जिथे काकू उभ्या राहायच्या, तिथे स्वच्छ, सुंदर, जागच्या जागी गवत.

एका फोटोत जमिनीवर सावली राहून गेली होती. बाईची सावली, आणि वर बाई नाही. काकांनी त्या सावलीवर बोट ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं.

मुकेश भैयांनी जुन्या हार्ड डिस्क, जुनी कार्डं, सगळं उलथंपालथं केलं. मूळ फोटो त्यांनी कधीच ठेवले नव्हते. "काका, मैं ढूँढूँगा," ते म्हणत राहिले.

* * *

आणि त्यांनी खरंच शोधलं! देशभरातल्या सगळ्या रेल्वे ग्रुपवर विनंती टाकली. असं असं फाटक, कोणाकडे न कापलेला फोटो आहे का? दीड महिन्याने नागपूरच्या एका गृहस्थांनी एक फोटो पाठवला. छोटी गाडी, फाटक, आणि खांबाशी बाई!

आम्ही पेढे घेऊनच काकांकडे गेलो. काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. काढणारा मागून उभा होता, त्यामुळे काकूंची फक्त पाठ दिसत होती.

"हीच आहे," काका म्हणाले. "पदर असा खोचणारी दुसरी कोणी नव्हती." मग म्हणाले, "पण पाठीले हार कसा घालू रे, मुकेश?"

पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर राहिला.

* * *

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगत नाही.

काकूंच्या त्या फाटकाच्या जागेवरून आता मोठ्या लाइनच्या गाड्या जातात. फाटक काढून टाकलंय, बाजूने भिंत घातली आहे, आणि फाटकाआधी ड्रायव्हरला हॉर्नची आठवण करून देणारी पिवळी पाटीही उपटून नेलीय. तरी माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सकाळची पॅसेंजर तिथे दोन छोटे हॉर्न द्यायची. मला ते कोडं होतं.

परागच्या ओळखीने अंकित नावाचा एक लोको पायलट आमच्यात आला. बिहारकडचा, नवीनच बदलून आलेला. लोको पायलट भेटला की आम्ही जावयासारखा मान देतो, म्हणून त्याला काकांच्या घरी बोलावलं. मीच नाश्त्याला पोहे करून नेले. गप्पांमध्ये मी विचारलंच, की तिथे ना फाटक, ना पाटी, मग हॉर्न कशाला?

"वो आंटी के लिए," अंकित पोहे खात खात म्हणाला.

"कौन आंटी?"

"दीवार के पास खड़ी रहती हैं ना। पहले दिन मैं घबरा गया, लगा पटरी पार करेंगी। लेकिन वो बस गाड़ी देखती हैं। और जानते हैं, हाथ नहीं हिलातीं।" तो हसला. "बेलन हिलाती हैं!"

परागचा चमचा बशीत पडला. मी काकांकडे बघायची हिंमत केली नाही. आणि मग काकांचं हसणं ऐकू आलं. काकू गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

"लाटणंच हालवत होती ते!" काका म्हणाले. "पुऱ्या लाइनवर माझी इज्जत काढली होती तिनं. गार्ड विचारे, वानखेडे, आज घरी जाऊन राहिला की नाही?"

अंकितला काही कळेना. तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. मुकेश भैया मात्र उठले होते. कॅमेरा गळ्यात, चपला पायात. "काका, चलिए। अभी चलते हैं। इस बार मैं चेहरा लेकर आऊँगा। काका, कसम से!"

"आज मत जाइए, भैया," अंकित म्हणाला. "इतवार को वो नहीं दिखतीं।"

मुकेश भैया दारातच थांबले. काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं.

"रविवारी माझी रेस्ट राहत होती," ते म्हणाले. "रविवारी ती फाटकावर काहून जाईल? बस, मुकेश, बस खाली."

मग खुर्चीतच जरासे मागे वळून त्यांनी स्वयंपाकघराकडे बघत आवाज दिला, "अवं, ऐकून राहिली ना? पाहुणे आहेत. चहा टाक."

मुकेश भैयांनी हळूच लेन्सचं झाकण काढलं आणि कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारावर धरला. मी त्यांच्या फ्रेममध्ये होते. ते मला बाजूला हो म्हणाले नाहीत.

आत गॅसचा लायटर वाजला.