वहिनीच्या यादीतलं अकरावं नाव

माझ्या वहिनीला फुटबॉल फारसा येत नाही, हे आधीच सांगून टाकते. ती डाव्या बाजूला बचावात उभी असते, चार पावलं पळाली की धापा टाकते, आणि नाणेफेक तर आजवर एकदाही जिंकलेली नाही. तरीही आमच्या लाँड्रीतल्या बायकांच्या टीमची ती कॅप्टन आहे. तिच्या आधी मी होते. मी पुढे खेळते, आणि त्या वर्षी आमच्या चौदा गोलांपैकी नऊ माझे होते. तेव्हा हा बदल मी किती गोड मानून घेतला असेल, ते तुम्हीच ओळखा.

आमच्या लाँड्रीत दोन मोठ्या इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट धुतले जातात. खाली धुलाई, वर इस्त्रीचा रोलर, आणि त्याच्याही वर रफूची खोली. रोलर वाफेवर तापलेला असतो. एका बाजूने दोघी ओलसर चादर आत सरकवतात, दुसऱ्या बाजूने दोघी ती ओढून घेतात आणि टेबलावर घडी घालतात. मी सरकवणारी, वहिनी घडीवाली. फार पूर्वी एका बाईचा हात रोलरमध्ये गेला होता. तेव्हापासून नियम असा, की सुपरवायझर बाईंनी शिट्टी मारली की मशीन बंद आणि प्रत्येकीचे दोन्ही हात डोक्याच्या वर. सगळ्यांचे हात मशीनबाहेर आहेत हे बाईंना एका नजरेत दिसलं पाहिजे. रफूच्या खोलीत शिवणयंत्रं आहेत, म्हणून तिथेही तोच नियम. दिवसातून तीन-चारदा तरी शिट्टी वाजते. माझी इथे बारा वर्षं झाली, वहिनीची सोळा. आता हात आम्हाला विचारून वर जात नाहीत.

घोळ झाला तो यामुळेच. एरवी आमच्या पंचांच्या शिट्टीला हात वर गेले तरी खेळ थांबलेलाच असायचा. गेल्या मोसमातली शेवटची मॅच होती. बरोबरीत सुटली असती तरी आम्ही पहिल्यांदाच तिसऱ्या नंबरवर आलो असतो. पाच मिनिटं राहिली होती. शेजारच्या मैदानावर कॉलेजच्या मुलांचा सामना चालू होता आणि त्यांच्या पंचाने सणसणीत शिट्टी मारली. आमच्या अकराच्या अकरा जणी जागच्या जागी थांबल्या आणि सगळ्यांचे हात वर! समोरच्या टीमला काही कळेना, पण त्या खेळत राहिल्या. त्यांच्यातल्या एकीने गोलकडे चेंडू हाणला तो थेट आमच्या रफूताईंच्या वर केलेल्या तळहातावर. गोलच्या समोर, अगदी डीमध्ये. पंचांनी पेनल्टी दिली आणि आम्ही हरलो.

बघणारे लोक पोट धरधरून हसत होते. आज मलाही हसू येतं. त्या दिवशी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

रफूताई म्हणजे रफूच्या खोलीतली उंच, कमी बोलणारी बाई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. त्यांची मुलगी त्या दिवशी पहिल्यांदाच आईला खेळताना बघायला आली होती. तिच्यादेखत मी ओरडले, "हात वर करायची एवढी हौस असेल तर लाँड्रीतच राहा ना! मैदानावर कशाला मरायला येता?" उचलली जीभ लावली टाळ्याला. रफूताईंनी खाली बसून बूट काढले, दोन्हींच्या नाड्या एकत्र बांधल्या, चपला घातल्या आणि मुलीचा हात धरून निघून गेल्या. त्यांच्यामागोमाग त्यांच्या दोन मैत्रिणींनीही टीम सोडली. तेरा जणी होतो, दहा उरलो.

आठवड्याने कँटीनमध्ये चिठ्ठ्या टाकून नवी कॅप्टन निवडली. वहिनीला आठ मतं, मला दोन. एक माझंच होतं. दुसरं कोणी दिलं असेल, याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी दादा बोलून गेला. दादा म्हणजे माझा भाऊ, वहिनीचा नवरा.

"अगं, तुझ्या वहिनीनेच दिलं. तिला कुठे व्हायचं होतं कॅप्टन!"

मला आणखीच राग आला. हरण्यापेक्षा दयेचं मत जास्त झोंबतं.

एका छपराखाली राहून अबोला धरणं सोपं नसतं. आमचं स्वयंपाकघर असं, की एकीला सिंकशी जायचं तर दुसरीने ओट्याला चिकटावं लागतं. मी भांडी आपटायचे. वहिनी ती पुन्हा धुऊन जागेवर लावायची. दादा दोन्ही वेळेला पेपरमागे तोंड लपवून जेवायचा. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," एवढंच तो एकदा पेपरमागून म्हणाला. ते कोणाला उद्देशून होतं हे विचारायची गरज नव्हती.

कॅप्टन म्हणून वहिनी सुरुवातीला मला अगदी हास्यास्पद वाटायची. सरावाच्या सामन्यात तिला पंचांना काही विचारायचं होतं. त्यांना काय म्हणून हाक मारावी तिला सुचेना, तेव्हा ती म्हणाली, "अहो, ऐकलं का?" मैदानावर हशा पिकला. पंच लाजले आणि कडेला उभा असलेला दादा म्हणाला, "मी इकडे आहे गं!" पण त्या दिवसापासून पंच आमच्याशी नीट बोलू लागले, हेही खरं.

दुसरं एक तिने केलं. आमच्यात दोघी होत्या, त्या एकमेकींना चेंडू म्हणून द्यायच्या नाहीत. काहीतरी जुनी खुन्नस. मी कॅप्टन असताना दोघींना मैदानावर भरपूर झापलं होतं, फरक शून्य. वहिनी मैदानावर काहीच बोलली नाही. तिने सुपरवायझर बाईंना सांगून त्या दोघींना घडीच्या टेबलावर समोरासमोर लावून घेतलं. चादरीची दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. एकीने घाई केली की दुसरीच्या हातून चादर निसटणार आणि दोघींना वाकून उचलावी लागणार. पहिला आठवडा त्या नुसत्या डोळ्यांनी भांडल्या. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना एकमेकींच्या सासूंची नक्कल करताना पाहिलं. मग मैदानावर पासही सुरू झाले. मी मात्र मनात म्हणत राहिले, ही कसली कॅप्टन, ही तर भातुकली!

नव्या मोसमासाठी टीमची यादी गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. कमीत कमी अकरा नावं, नाहीतर टीम बाद. आम्ही दहाच. रफूताई आल्या तर त्यांच्या दोघी मैत्रिणीही येणार होत्या, आणि रफूताई नाहीत तर कोणीच नाही. वहिनी आठवडाभर चहाच्या सुट्टीत वर जात होती. फुटबॉलचा विषय न काढता रफूताईंच्या शेजारी बसून अभ्र्यांची बटणं लावत होती. मंगळवारी रात्री मी भाजी चिरत असताना तिने आपणहून मला सांगितलं.

"आज रफूताई म्हणाल्या, इतके दिवस बटणं लावतेस, आता मनातलं बोल. मी म्हटलं, परत या."

"मग?"

"म्हणाल्या, जिने घालवलं तिने बोलवावं."

मी चाकू खाली ठेवला. "म्हणजे मी माफी मागायची? त्यांच्या हातामुळे मॅच गेली आणि माफी मी मागायची?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हणतेस?"

"काहीच नाही. गुरुवारी दहा नावं लिहीन आणि यादी देऊन येईन."

"दहा नावं दिली तर टीम बाद होईल!"

"होईल."

आता मात्र माझा तोल गेला. "तू कॅप्टन आहेस ना? मग सांग मला, जा म्हणून! हुकूम सोड!"

वहिनीने चिरलेली भाजी कढईत टाकली. "हुकमाने गेलीस तर त्यांना दारातच कळेल. त्या रोज फाटकं हातात घेतात गं, वरवरचा टाका लगेच ओळखतात." मग म्हणाली, "मला टीम हवी आहे. शनिवारची ती दोन तासांची मोकळी हवा सोडली, तर माझ्या आठवड्यात दुसरं आहे काय? पण तुला ढकलून नको."

त्या शब्दांनी मी वरमले. सोळा वर्षं वाफेत उभं राहिलेली ही बाई, आणि तिला हवंय ते एवढंच, आणि ते माझ्या जिभेवर अडलंय. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. माझेही हात त्या दिवशी वर गेले होते. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते, चेंडू माझ्याकडे आला नाही, एवढाच काय तो फरक. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

बुधवारी चहाच्या सुट्टीत मी रफूच्या खोलीत गेले. खोलीत एक खिडकी, तिच्याखाली मशीन, बाजूला फाटक्या चादरींचा कमरेइतका ढीग. रफूताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा सुईत मान घातली. मी पाठ करून आलेलं सगळं विसरले.

"ताई, माझेही हात वर होते," मी म्हणाले.

"माहीत आहे. माझं तोंड तुझ्याकडेच होतं. दिसले मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मुलीसमोर भांडायचं होतं का मी?"

मला रडू आलं. मी काही पटकन रडणारी नाही, पण आलं. म्हटलं, "चुकले मी. हरल्याचा राग तुमच्यावर काढला. तुमच्या मुलीलाही सांगते, तुम्ही म्हणाल तेव्हा." रफूताईंनी दोरा तोडला, एक चिंधी माझ्याकडे टाकली आणि म्हणाल्या, "डोळे पूस आधी. माझे बूट आता मुलगी वापरते. तिच्याकडून मागून घ्यावे लागतील." गुरुवारी वहिनीने तेरा नावं लिहून दिली. अकराव्या ओळीवर रफूताईंचं नाव लिहिताना ती जीभ दातांत धरून, शाळेतल्या मुलीसारखं वळणदार अक्षर काढत होती.

नव्या मोसमाची पहिली मॅच. मी पहिल्या अर्ध्यातच गोल केला, आणि आम्ही एक-शून्यने पुढे होतो. पंधरा मिनिटं उरली असताना रफूताईंनी आमच्या गोलकीपरकडे चेंडू मागे ढकलला, पण फारच हळू. समोरची मुलगी मध्ये घुसली आणि गोल झाला. एक-एक.

रफूताई कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत उभ्या होत्या. आणि आमच्या टीममधल्या सगळ्या जणी वळून माझ्याकडे बघू लागल्या. माझं तोंड उघडलेलंच होतं, खोटं कशाला बोलू, आणि शब्दही तयार होते. सगळ्या बघत होत्या. वहिनी सोडून. तिने जाळ्यातून चेंडू काढला, काखेत मारला आणि माझ्यासमोरून चालत मध्यावर गेली. चेंडू ठेवला, परकर झटकावा तशी हाफपँट झटकली आणि आपल्या जागेकडे निघाली. माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

मी तोंड मिटलं. पळत मागे गेले आणि रफूताईंना म्हटलं, "ताई, मागे देताना जरा जोरात हाणा. बाकीचं आपण बघून घेऊ." त्यांनी मान डोलावली. मॅच बरोबरीत सुटली. शेवटच्या दहा मिनिटांत रफूताईंनी दोन वेळा चेंडू असा काही उडवला, की कडेला त्यांची मुलगी उड्या मारत होती.

घरी परतताना दादा पुढे बॅगा घेऊन चालला होता. मी वहिनीला विचारलं, "गोल बसला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तू का नाही बघितलंस? एवढा विश्वास होता माझ्यावर?"

"विश्वास कसला!" वहिनी म्हणाली. "बघितलं असतं, तर तू मला दाखवायला म्हणून तरी ओरडली असतीस."

मी हो म्हणाले नाही. पण ओरडलेच असते.