‘तोकडा’ शब्दाचा दाखला

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे ‘दाखलेवाली’ म्हणत. शब्दांचे अर्थ इतरांनी लिहायचे आणि तो शब्द वाक्यात कसा वापरतात, याचा दाखला तिने द्यायचा, असं अठरा वर्षं चाललं होतं.

‘तोकडा’ची चिठ्ठी टेबलावर आली तेव्हा तिची आई जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पहिला अर्थ ‘आखूड’. त्याला तिने चटकन लिहिलं, ‘गेल्या वर्षीची पँट यंदा तोकडी झाली.’ दुसरा अर्थ ‘गरजेला न पुरणारा’. तिथे पेन अडलं. मग एका दमात तिने लिहून टाकलं, ‘थोरलीने आईचं खूप केलं, पण तिची सेवा तोकडीच पडली.’

“झकास! अगदी घरातलं वाक्य,” म्हणत संपादकांनी सही ठोकली.

थोरली म्हणजे तिचीच बहीण. दोन वर्षं आईचं हगणं-मुतणं थोरलीनेच काढलं. ही रविवारी फळं घेऊन जायची, खुर्चीच्या टोकावर बसायची आणि पाचची बस धरायची. शेवटी आईच्या पाठीला जखमा झाल्या, तेव्हा वर हिनेच सुनावलं होतं, “कूस बदलत होतीस ना वेळच्या वेळी?”

कोश छापून व्हायला दोन वर्षं गेली. तोवर ती ते वाक्य साफ विसरली होती. धाकटीचं काम म्हणून थोरलीने कौतुकाने एक प्रत मागून घेतली आणि ‘अ’पासून रोज चार पानं वाचायला लागली. अधूनमधून फोन करायची. एकदा म्हणाली, “ ‘ढ’ लागला गं. तुझी शाळेतली आठवण आली!”

धाकटी खळखळून हसली. मग पुढे ‘त’ आहे हे लक्षात आलं आणि ‘तोकडा’खाली लिहिलेलं ते वाक्य लख्ख आठवलं.

दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून ती थोरलीकडे गेली. पान फाडायचं की शाई सांडायची, काहीच ठरलं नव्हतं. थोरली स्वयंपाकघरात वळताच तिने कोश उघडला. खुणेचा कागद ‘थ’च्याही पुढे होता.

“काल भराभर वाचलं,” दारातून थोरली म्हणाली.

“ताई, ते वाक्य...”

“वाचलं. व्याकरण बरोबर आहे.” थोरली समोर बसली. “आणि पडलीच की तोकडी. एकटीचे हात किती पुरणार? फक्त, एकटी का होते ते तू लिहिलं नाहीस.”

धाकटीला मान वर करवेना. “सातचीही बस होती, ताई. मी पाचचीच धरायचे.”

“माहीत होतं मला. आईलाही माहीत होतं.”

थोरलीने चहा आणला. तो प्यायला धाकटीला पाऊण तास लागला.

सोमवारी तिने संपादकांपुढे नवी चिठ्ठी ठेवली: ‘आजाऱ्यापाशी एकटीचे हात तोकडे पडतात.’

“आधीचा दाखला जास्त चटका लावतो,” ते म्हणाले. “त्यात चूक काय आहे?”

“तो खोटा आहे.”

चष्म्यावरून तिच्याकडे क्षणभर बघून त्यांनी चिठ्ठी दुसऱ्या आवृत्तीच्या खणात टाकली. ती आवृत्ती अजून निघालेली नाही.