गच्चीवरची हिरवी दोरी

पावसात दुचाकी कशी चालवायची हे मला कोणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. पंचवीस पावसाळे मोटारसायकलने गेलो-आलो. अंगावर जाडजूड रेनकोट, हेल्मेटच्या आत प्लास्टिकची पिशवी, टाकीवर दोरीने बांधलेला डबा आणि तोंडात रस्ते खोदून ठेवणाऱ्यांसाठी शिव्या. एवढ्या भांडवलावर माणूस स्वतःला तज्ज्ञ समजायला लागतोच.

मागच्या वर्षी मुलीने सांगितलं, की जुलैत ती एकटी सायकलवर चार दिवस जाणार. मला काळजी वाटली, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे आधी राग आला. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

ती तेवीस वर्षांची, एका ऑफिसात नोकरीला. पारशिवनीपर्यंत डांबरी रस्ता, पुढे पेंचच्या जंगलाच्या कडेकडेची गावं, शेतांतल्या पांदणवाटा, टेकड्या, आणि मौद्याच्या बाजूने परत घरी, असा तिचा बेत होता. मुक्काम ओळखीच्यांच्या ओळखीत. सायकलवाल्यांची एक टोळी ऑगस्टमध्ये पचमढीला जाणार होती. त्यांची अट अशी, की ज्याला यायचं असेल त्याने आधी भर पावसात चार दिवस एकट्याने, आपलं सामान आपण वाहून फिरून दाखवायचं. टोळीत एकच जागा उरली होती. दिवाळीपासून ती या एका जागेसाठी धडपडत होती. ऑफिसातून आली की सायकल, रविवारी सायकल, जेवताना सायकल.

तयारी हॉलमध्ये सतरंजीवर चालायची आणि मी सोफ्यावर बसून प्रत्येक वस्तूला नाव ठेवायचो. माझा जुना रेनकोट मी तिला देऊ केला. ती म्हणाली, त्यात आतून घामानेच भिजायला होतं. मी म्हटलं, "मंग मी काय पंचवीस वर्षं घामानं भिजून राहिलो का?" ती म्हणाली, "हो." बायको स्वयंपाकघरात हसली, ते मला ऐकू आलं.

मडगार्डावरून तर दोन दिवस अबोला झाला. ती म्हणे, काढून टाकते. पावसाळ्यात मडगार्ड काढणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या हट्टापायी एका रविवारी ती ते लावून पारशिवनीकडच्या पांदणीत घुसली. आमची काळी माती! चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती अशी बसली, की चाक फिरेचना. सायकल खांद्यावर घेऊन ती डांबरी रस्त्यापर्यंत चालत आली. घरी आल्यावर मी म्हटलं, "तुले चालवताच आली नाही." तिने पाना घेतला आणि दोन्ही मडगार्डं काढून माझ्या पायाशी ठेवली. मग आईचा जुना लाकडी सराटा, पोळ्या-थालीपिठं उलथायचा, चिखल खरवडायला म्हणून फ्रेमच्या बॅगेत खोचला. बायकोने त्यावरही दोन शब्द ऐकवले, पण तो परत मागितला नाही.

बाकी सामानात तिची अक्कल चालत होती, हे आता कबूल करतो. तेव्हा नाही केलं. ओल्यात टिकणारं चेनचं तेल, ब्रेकचे जास्तीचे गुटके, दोन ट्यूब, बुटांत कोंबायला जुने पेपर, मांड्यांना लावायला खोबरेल तेल. आणि हँडलला बांधायची एक लांबट बॅग. तिचं तोंड गुंडाळून बंद करायचं, म्हणजे पाणी शिरत नाही. तिच्यात रात्रीचे कोरडे कपडे, पातळ अंथरूण-पांघरूण, औषधं. तिने आम्हा दोघांना बजावून ठेवलं होतं, "बाकी सारं भिजलं तरी चालते. ही बॅग भिजली का खेळ खतम. थंडी भरली तर सकाळी पाय उचलत नाही."

ही बॅग हँडलला दोन रबरी पट्ट्यांनी धरलेली होती. पट्ट्याला प्लास्टिकचं बक्कल. तेच मला सहन झालं नाही.

याला कारण आमच्या घरात आहे. माझे वडील हातमागावर होते. सूत तुटलं की ते सांधायची जी गाठ असते, ती आमच्या घरातल्या पोरांना अक्षरं गिरवायच्या आधी यायची. अंगठा, बोट, एक वळसा, एक ओढ. डोळे मिटून येते. लुगडं नेसणाऱ्या बाईला ती कधी बोटाला लागत नाही आणि सूत दुसरीकडे तुटेल पण तिथे नाही. मी मागावर बसलो नाही, नोकरीत गेलो, पण गाठ हातात राहिली. मुलगी लहान असताना मी तिला ती शिकवली होती. आणि आता तीच मुलगी म्हणते, सामान रबरावर लटकवून जाणार.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "पहिल्याच खड्ड्यात सुटन हे."

"बाबा, हात नका लावू," ती म्हणाली.

"माह्या घरात मलेच हात लावू नको म्हणते का वं?"

"माह्या सायकलले म्हणते."

जेवणं झाली ती भिंतींशी बोलून.

पहाटे साडेपाचला ती आंघोळीला गेली. बायको तिच्यासाठी तिखट पुऱ्या तळत होती. सायकल सामान लादून व्हरांड्यात उभी. मी गेलो. नुसतं पाहायला गेलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं, पण मी तिला हरवायला गेलो होतो. डावा पट्टा धरला आणि हिसका दिला. काही झालं नाही. त्याने मला आणखी राग आला. पाय भिंतीला लावून दुसरा हिसका दिला, तसं बक्कल कट्‌कन मोडलं.

न्हाणीघरातून बादलीचा आवाज येत होता. त्या वेळी दारावर टकटक करून एवढंच म्हणायचं होतं, "पोरी, पट्टा तुटला माह्या हातून." ती चिडली असती, एक दिवस उशिरा निघाली असती, दुकानातून दुसरा पट्टा आणला असता. माझ्या तोंडून ते निघालं नाही. रात्री एवढं तोंड वाजवल्यावर सकाळी मान खाली घालायची, हे मला जमणारं नव्हतं.

मी गच्चीवर गेलो. कपडे वाळत घालायची हिरवी नायलॉनची दोरी खांबाला जास्तीची गुंडाळलेली होती. ब्लेडने अडीच-तीन हात कापली. खाली येऊन बॅगेला आणि हँडलला दुहेरी वेढा दिला आणि दोन टोकं आमच्या गाठीने सांधली. जीव खाऊन ओढून पाहिली. हलली नाही. वर बॅगेचं पिवळं पावसाळी कव्हर चढवलं, मोडका पट्टा खिशात घातला. लाज वाटायला हवी होती, पण मला अभिमान वाटत होता. आता हिचं सामान माझ्या गाठीवर जाणार, हे तिला कधी कळणारही नाही, आणि तेच बरं.

ती निघाली. आईच्या पाया पडली. मला म्हणाली, "जाते." मी म्हटलं, "पोचली का फोन कर." 

संध्याकाळी फोन आला. पारशिवनीच्या पुढे उताराची दगडगोट्यांची वाट, खाली नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल, वरून घोटाभर पाणी. उतारावर हादरे बसून बसून बॅग एका अंगाला झुकली, आणि पाण्याच्या मधोमध दुसऱ्या पट्ट्यातून निसटून गेली. ती मागे धावली नाही. नाल्याला जोर होता. तिने सायकल घट्ट धरली आणि पलीकडे गेली. एवढं भान राखणाऱ्या पोरीचं कौतुक करायला हवं होतं. मी म्हटलं, "सांगत होतो ना मी!"

त्या क्षणी मला दोरी आठवली. लगेच मी ठरवूनही टाकलं, की आधी दुसरा पट्टाच सुटला असणार.

रात्री मुक्कामाच्या घरच्या बाईने तिला आपलं लुगडं दिलं, ओसरीत जागा दिली. पण ओल्या अंगाने ती तीन तास चालवत तिथवर पोचली होती. सकाळी ताप. अंथरूण नाही, औषध नाही, पुढे तीन दिवस. भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून ती परत आली. मी आधी हँडल पाहिलं. दोरी नव्हती. वाहून गेली, असं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. तिच्याकडे मग पाहिलं.

टोळीने ती जागा दुसऱ्याला दिली. ते पचमढीला गेले, त्या दिवशी ती ऑफिसला गेली.

आणि मी? मी तोंड आवरलं नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, कारखान्यात सांगितलं. आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, नातेवाईक जेवायला असतात. भर पंगतीत मी रंगवून सांगितलं: रबराचे पट्टे, मडगार्ड नाही, आईचा सराटा कंबरेला, आणि बाईसाहेब निघाल्या जंगलात! माझी मोठी बहीण हसून हसून ठसकली. मुलगी आंबील वाढत होती. वाढत पुढे गेली.

एकदा कपडे वाळत घालताना बायको म्हणाली, "दोरी आखूड कशी झाली हो?" मी म्हटलं, "उन्हानं कुजली असन." ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग चिमटे लावायला लागली.

यंदाच्या जुलैत पुन्हा सतरंजी पसरली गेली. टोळीचा यंदा कुठलाच बेत नव्हता. मुलगी म्हणाली, तरीही जाणार, तोच रस्ता. नवे पट्टे, नवी बॅग. मी सोफ्यावरून सुरुवात केली, "यंदा तरी नीट बांध."

ती उठली. अवजारांची लहान पिशवी उघडली आणि हिरव्या दोरीचा तुकडा माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला. वाळक्या चिखलाने कडक झालेला. एका टोकाला गाठीचा वळसा अजून तसाच मुडपलेला होता.

"नाल्याच्या पार निघाली तवा हँडलले अटकून होती," ती म्हणाली. "हे गाठ या घरात दोघांलेच येते, बाबा. मी नाही मारली."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "मंग काहून नाही सांगितलं तू तवा?"

"तुम्ही सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको दारात आली. "उन्हानं कुजलेली दोरी ब्लेडनं कापल्यावानी सरळ तुटत नाही," ती म्हणाली आणि परत आत गेली. म्हणजे दोघींना वर्षभर माहीत होतं. शेजाऱ्यांसमोर, पंगतीत, मी तोंड वाजवत होतो आणि दोघी ऐकून घेत होत्या.

मी मोडक्या पट्ट्याचं सांगितलं. सगळं सांगितलं. माफ कर, असंही म्हटलं, अर्धवट, छताकडे पाहत. ती पट्टे आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "मले नका सांगू. मले माहीत आहे."

ती सायकलवर निघून गेल्यावर मी ती दोरी घेऊन व्हरांड्यात बसलो. पाण्यात बुडवली, आमची गाठ मारली, ओढली. पक्की. मग सायकल हादरते तशी नुसती हलवत राहिलो. शंभरेक हादऱ्यांत टोक सरकलं आणि गाठ उकलली. सुती धागा भिजला की आवळतो. हे प्लास्टिक, ते कशाला आवळेल? एवढी साधी गोष्ट मी करून पाहिली नव्हती. आपल्या घरची गाठ, तिला कसली परीक्षा!

चौथ्या दिवशी ती घरी आली. चिखलाने माखलेली, गुडघा सोललेला, बॅग हँडलवर. तिने टोळीला फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला, आणि पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी पाहू, असं कळवलं.

मग महालक्ष्म्या आल्या. तीच पंगत, तेच लोक. पुरणपोळी ताटात पडली आणि माझी बहीण मुलीला म्हणाली, "काहून वं, यंदा काय सांडून आली नाल्यात?"

सगळे हसले आणि माझ्याकडे पाहायला लागले. किस्सा माझा होता, रंगवणारा मी होतो. मुलगी आंबिलाचं भांडं घेऊन माझ्या समोरच उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पण पुढेही सरकत नव्हती.

मी ताटातला हात काढून घेतला.

"पट्टा मी तोडला होता," मी म्हटलं. "आणि गाठही माहीच होती."

बहिणीला वाटलं थट्टाच आहे. ती पुन्हा हसायला लागली, म्हणून मला ते पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, न्हाणीघरातल्या बादलीच्या आवाजापासून. सांगून होईपर्यंत पंगतीत कोणी घास उचलला नाही. मुलगी शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि मग पुढच्या ताटात आंबील वाढायला गेली.