वाढत्या अंगाचा कोट

तामसीहून आदिलाबादची पहिली बस निघाली तेव्हा खिडकीच्या दांडीला हात लावता येत नव्हता, इतकी थंडी. दुसऱ्या दिवशी निर्मल गावच्या एका शाळेत माझी मुलाखत होती. मुलांसमोर फळ्यावर शिकवून दाखवायचे होते. घरातला पहिला पदवीधर मी, आणि माझ्याजवळ कोट नव्हता. आई बसपर्यंत आली होती.

"सैल पाहून घेजो बापा," एवढेच म्हणाली.

आदिलाबादच्या अंगडीत (बाजारात) हिवाळ्यात जुन्या कोटांचे ढीग लागतात. गठ्ठे मोठ्या शहरांतून येतात. अस्तरे उसवलेली, सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास. मी एकामागून एक कोट घातले नि काढले. ऊन चढले, पाठ घामाने भिजली. शेवटी एक राखाडी कोट पसंत पडला. आत दोन स्वेटर मावले असते. घेतला. गाड्यावर मिरचीभजी खाल्ली तीही कोट पाठीमागे धरून, तेल पडू नये म्हणून.

बाह्या आखूड करायला एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. त्याने कोट घालायला लावला.

"काय काम करता तुमी?"

"मास्तर होईन म्हणतो."

"मंग लिवा त्या भितीवर. पार वरतून."

मी हात उचलला, तर अख्खा कोटच वर आला. कॉलर कानाला लागली. बाकावरच्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"एवढा ढगळा काऊन घेतला?"

"सवय आहे. आई कपडे वाढत्या अंगाचेच घेते."

"आता किती वाढून राह्यले तुमी?" तो चष्म्यावरून बघत म्हणाला. "बाही मी कापतो. खांद्याचं काई होत नाई. बगल अंगालगत पायजे, तवाच हात मोकळा राह्यते."

बाह्या न कापताच, कोट बदलून घ्यायला पुन्हा तेवढेच चालत अंगडीत आलो.

"पहना हुआ माल वापस नहीं लेते, साब," विक्रेता म्हणाला.

अंगात त्राण नव्हते. ढिगातून दुसरा कोट घातला आणि हवेतच लिहू लागलो.

"ये क्या कर रहे?"

"लिखके देख रहा हूँ. कल नौकरी का इम्तहान है."

तो हसला. ढिगाच्या तळातून त्याने एक तपकिरी कोट ओढला. "ये चिन्ना (लहान) है, देखो." कोपरावर रफू होता. हात वर गेला, कोट जागेवरच राहिला. त्याने राखाडी कोट बदल्यात घेऊन ढिगावर टाकला.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही. पोटऱ्या ठणकत होत्या. उभ्या उभ्या वाटले, शाळेपासून पदवीपर्यंत मी पुढच्या वर्षाच्या मापाचे कपडे घातले. ते टिकले, पैसे वाचले, म्हणूनच शिकलो, हे मी विसरणार नाही.

घरी आईने खांद्याची शिवण चिमटीत धरून पाहिली.

"लहान आणला रे."

"मापाचा आहे, माय."

मी कोट घातला. सवयीने ती बाह्या दुमडायला पुढे झाली. तिचे हात माझ्या मनगटांवर थांबले. दुमडायला काही नव्हते.